तुळसा, वय दिवस अकरा

मिरकरवाडा, रत्नागिरी
बुधवार, दुपार

सन्माननीय विहीणबाई श्रीमती तुळसाताई यांना,

मथुरेचा वाकून नमस्कार. (साष्टांग घालणार होते, पण त्या बसमधून आल्यापासून कंबर अर्ध्यापर्यंतच वाकते. उरलेला अर्धा नमस्कार भेटीत घालीन.) तुमचा गुडघा आता कसा आहे? डॉक्टरांनी दिलेलं तेल लावता, की बाटली अजून देवापुढेच ठेवलीय? अंगणातलं भात वाळवून आत घेतलंत का? डोंबिवलीहून लेकीचा, नम्रताचा फोन येतो ना? इकडे आम्ही सगळी धडधाकट आहोत. योगिनीचे टाके सुकले. बाळ अंगाने भरतंय. तुमचे व्याही तब्येतीने ठीक आहेत, आवाजाने जरा बसलेत, त्याचं कारण पुढे येईल.

फोन सोडून कागद का काळा करतेय, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही माझा फोन उचलत नाही. पहिले दोन दिवस मी रेंजला दोष दिला. मग योगिनीच्या फोनवरून लावला, तर तुम्ही पहिल्याच घंटीला उचललात, "बोल गो बाय" म्हणालात, आणि माझा आवाज कानावर पडताच ठेवून दिलात. म्हणजे तुमच्या लोटे गावात रेंज चांगली आहे. (खोट माझ्या आवाजातच असावी.) आम्ही दिल्लीला उतरलो त्या दिवशी तुम्ही माझ्याशी एकच वाक्य बोललात, "मी अजून जिवंत आहे, विहीणबाई," आणि त्यानंतर आजपर्यंत काही नाही. त्या एका वाक्याचं उत्तर लांबलचक आहे, ते फोनवर मावलं नसतं. कागदाचं एक बरं असतं, रागाने बाजूला टाकला तरी तो बोलायचा थांबत नाही. चहा पिऊन आलात की जिथे सोडला तिथून पुढे सुरू.

तर पहिल्यापासून सांगते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं होतं, हे तुमचं म्हणणं बरोबरच होतं. पण तिकडच्या डॉक्टरणीने योगिनीला विमानात बसायची मनाई केली, तेव्हा मुलीने माहेरी यायच्याऐवजी माहेरच विमानात बसलं. सुक्या मासळीचं दुकान सोडून मी मुंबईच्या पलीकडे कधी मुक्काम केला नव्हता, ती आखातातल्या त्या काचेच्या शहरात सातव्या मजल्यावर जाऊन बसले. तुम्हीही यावं असं तुमच्या सर्वेशच्या फार मनात होतं. मागे रजेवर आला तेव्हा पासपोर्टच्या फोटोसाठी तो तुम्हाला खेडला घेऊन गेला होता, पण फोटोवाल्याने डोक्यावरचा पदर मागे घ्या म्हटलं आणि तुम्ही उठून घरी आलात. (मीही उठले असते.) त्यामुळे तुमच्या वतीने गेले ते डिंकाचे लाडू, घरची हळद आणि लेकाला आवडतात म्हणून माझ्याच दुकानातून तुम्ही स्वतः निवडून घेतलेले कोलंबीचे सोडे. लाडू उत्तम झाले होते. त्यात मेथी जास्त झाली असं मी तेव्हा म्हटलं होतं, ते मागे घेते. त्या दिवसांत ते लाडू नसते तर बाळंतिणीच्या पोटात काय गेलं असतं, कुणास ठाऊक.

मुलगी झाली हे कळल्यावर तुम्ही वाडीत पेढे वाटलेत. ते ऐकून सर्वेश इस्पितळाच्या जिन्यात जाऊन रडला होता, हे मात्र तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. मग आम्ही घरी आलो, आणि मी संध्याकाळी पाचवी पुजायला पाट मांडत होते तेव्हा ते सुरू झालं. पहिला आवाज झाला तेव्हा मला वाटलं, वरच्या घरात कुणाचं कपाट पडलं. मग दुसरं कपाट पडलं. तिसऱ्या आवाजाला आमच्या खिडकीची काच थरथरली. सर्वेशने बाळाला उचललं आणि म्हणाला, "आई, खिडकीपासून लांब बसा. काही नाही." काही नसतं तेव्हा माणूस असं सांगत नाही.

लढाई खरं तर त्या देशाची नव्हतीच. शेजारचे दोघे भांडत होते आणि यांच्या डोक्यावरून एकमेकांना मारत होते. पत्र्यावर वाळत घातलेल्या मासळीवरून दोन बोके भांडले की मासळीचं जे होतं, ते त्या शहराचं झालं. विमानतळ बंद पडला. दुकानांची फळकुटं लागली. सगळ्यांच्या फोनमधून एकाच वेळी एक भोंगा वाजायचा, आणि तो वाजला की आम्ही न्हाणीघराशेजारच्या बोळात गादी टाकून बसायचो, कारण तिथे काच नव्हती. योगिनी टाक्यांवर हात दाबून बसे. बाळ भोंग्याला एकदाही घाबरलं नाही. भोंगा थांबला की मात्र रडायचं. त्या बोळात बसून मी देवाला काय काय कबूल केलं, ते फेडायला माझा एकटीचा जन्म पुरणार नाही. (म्हणून त्यातलं थोडं तुमच्या नावाने कबूल केलंय. वर्षभर साखर सोडा. मघाचा चहा घेतला असेल तर तो माफ.)

मग आपल्या सरकारने तिथे अडकलेल्यांना नावं नोंदवायला सांगितली. वकिलातीचा फोन लागत नव्हता असं मी म्हणणार नाही. लागत होता, पण आमच्यासारख्या हजारोंना एकदमच लागत होता. शेवटी सर्वेशच्या वाट्याला एक घसा बसलेला माणूस आला. त्याने सांगितलं की बसने शेजारच्या देशात नेऊ, तिथून सरकारी विमान दिल्लीला, आणि बाळंतिणी, मुलं, म्हातारी माणसं आधी. सर्वेश म्हणाला, "बाळाचा पासपोर्ट नाही." पासपोर्ट नाही म्हणजे बाळ सीमेपलीकडे जात नाही. बाळ जात नाही तर योगिनी जात नाही, आणि योगिनी नाही तर मी कशाला हलतेय? मग तो माणूस म्हणाला, इस्पितळाचा दाखला आणि आईबापाचे पासपोर्ट घेऊन भारतीय शाळेच्या हॉलवर या, तिथेच कागद करून देऊ, एकही बाळ मागे ठेवणार नाही. बोलला हिंदीत. मला ते सगळं मराठीतच ऐकू आलं.

इकडे तुमच्या व्याह्यांचं वेगळंच चाललं होतं. बंदरावर मासळीचा लिलाव पुकारणारा माणूस, त्यांना हळू बोलणं जमत नाही, हे तुम्ही लग्नातच पाहिलंत. परदेशात अडकलेल्यांसाठी कलेक्टर कचेरीत एक खोली उघडली होती, तिथे सानिका नावाची मुलगी फोनपाशी बसायची. यांनी पहिल्या दिवशी तिच्यासमोर उभं राहून अशी चौकशी केली, की शेजारच्या खोलीतले साहेब बाहेर आले. (भाव पुकारतात तसं "एक लेक, एक बायको, एक नात!" असं म्हणत होते, हे मला नंतर तिनेच सांगितलं.) पण पोरगी गुणी. तिने सगळं नीट लिहून घेतलं, मुंबईला कळवलं, दिल्लीला कळवलं, आणि पुढे पुढे तर हे कचेरीत पोचायच्या आधी तीच फोन करायची, "काका, आज अजून काही आलं नाही. जेवलात का?" हे म्हणतात, त्या दिवसांत मला जेवायचं कुणी विचारलं असेल तर सरकारने.

शाळेच्या हॉलवर अख्खा देश गोळा झाला होता. मल्याळी नर्स, बिहारचे गवंडी, सुरतेचा एक कापडवाला आपल्या सासूसह, आणि आपल्या गुहागरचा रावजी म्हणून एक सुतार. माणशी एकच पिशवी न्यायची असं सांगितलं होतं, म्हणून त्याने त्या पिशवीत रंधा, पटाशी आणि करवत भरली होती, कपडा एकही नाही. (करवत पुढे सीमेवर काढून घेतली. बाँबला न रडलेला माणूस करवतीला रडला.) भिंतीवर शाळेच्या मुलांनी काढलेली झाडंफळं होती आणि त्याखाली माणसं आडवी झाली होती. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. इतकी माणसं आणि इतकी शांतता मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

आता नावाचं. टेबलामागे तो घसा बसलेला साहेब स्वतःच होता. अगदी तरुण निघाला. माझ्या पुढच्या प्रत्येकाला तो शेवटी एकच विचारत होता, इंडियात खबर कुणाला द्यायची, नाव सांगा. मी रांगेत उभी राहून त्याचंच उत्तर घोकत होते. तुमच्या व्याह्यांचं नाव देण्यात अर्थ नव्हता, ते कचेरीतच राहायला गेले होते. म्हणून मी तुमचं नाव द्यायचं ठरवलं. माझी पाळी आली, त्याने विचारलं, "नाम?" आणि मी खणखणीत सांगितलं, "तुळसा." त्याने लिहिलं. मला काय माहीत की तो बाळाचं नाव विचारतोय! आपल्याकडे बारशाआधी बाळाला कुणी नाव विचारतं का? आत्या यायचीय, पाळणा बांधायचाय, नम्रताने "सानवी" नाव ठरवून मला फोनवर दोनदोनदा बजावलेलं. ते सगळं माझ्या डोक्यात होतं, तोंडात मात्र तुम्ही होतात. शिक्का बसल्यावर घोटाळा लक्षात आला. मागे रांग, बाहेर बस सुरू झालेली. साहेब म्हणाला, आता असंच जाऊ द्या, घरी जाऊन बदला. झालं ते असं झालं. चूक सगळी माझी. योगिनीचा त्यात काही संबंध नाही, आणि सर्वेशचा तर नाहीच नाही.

(एक सांगू? रागावू नका. फोटोवरून उठून आलेल्या तुम्ही, पण भारत सरकारने शेवटी तुमच्या नावाने फोटोसकट कागद काढून दिलाच. फोटोत डोक्यावर पदर नाही. केसही नाहीत.)

तुमच्या मनात आणखी एक गोष्ट आहे, ती तुम्ही बोलला नाहीत म्हणून मीच लिहिते. तुम्ही सगळ्या आलात, माझा मुलगा मागे का ठेवलात? विहीणबाई, मी त्याला विनवलं. बसच्या दारात उभी राहून विनवलं. तो म्हणाला, "आई, आमच्या पाळीतले निम्मे लोक गेले. राहिलेल्यांनीही कारखाना सोडला तर समुद्राचं पाणी गोडं कोण करणार? दोन दिवसांत नळ कोरडे. तुमची नात झाली त्या इस्पितळाला आमचंच पाणी जातं." मी म्हटलं, "जावईबापू, ते दुसरं कुणी बघेल. तुम्हाला आई आहे." तर म्हणाला, "आई आहे म्हणूनच. बाबा पाळीवर निघाले की आईने कधी अडवलं नाही. पुरात रस्ता बंद होता तेव्हाही डबा भरूनच दिला." महिपतरावांचा डबा तुम्ही भरत होतात, मी नाही. त्याला हाताला धरून ओढता आलं असतं असं तुम्हाला वाटत असेल, तर मलाही वाटतं. रोज वाटतं. बस निघाली तेव्हा तो खिडकीखालून बसबरोबर चालत राहिला. हात हलवला नाही. "टोपडं नीट बांधा, वारा लागेल, टोपडं नीट बांधा," एवढंच म्हणत होता. मग फाटक आलं.

बसमध्ये काय गेलं ते फार सांगत नाही. वाळू, वाळू आणि वाळू. योगिनीला बसवत नव्हतं, म्हणून नर्स पोरींनी आपल्या पिशव्या खाली रचून तिच्यासाठी गादी केली, आणि बाळ या मांडीवरून त्या मांडीवर असं फिरत राहिलं. माझ्या वाट्याला ते फार थोडा वेळ आलं. पण सीमेवरचं सांगायला हवं, कारण त्यात तुमचाही हात आहे. बाळाचे कपडे मी ज्या पिशवीत भरले होते, तिच्यातूनच तुमचे सोडे तिकडे गेले होते. पिशवी मी साबणाने घासून धुतली होती, पण सोड्याचा वास तो सोड्याचा वास, तुम्हाला सांगायला नको. सीमेवर बंदुका घेतलेले शिपाई होते आणि एक काळा कुत्रा. त्या कुत्र्याने सगळी बस हुंगली, कुणाकडे ढुंकून पाहिलं नाही, आणि तुमच्या नातीच्या दुपट्यांपुढे येऊन बसला. उठेचना. लगेच आरडाओरडा, सगळे खाली उतरा. ओली बाळंतीण भर उन्हात उभी. शिपाई एकेक लंगोट काठीच्या टोकाने उचलून बघताहेत. रावजी पुढे होऊन त्यांना सुतारी हिंदीत समजावत होता, "मच्छी, साब, सूखा मच्छी," तर त्याच्याच पिशवीत करवत सापडली.

मला तेव्हा हसू आलं नाही, खोटं कशाला सांगू. कागद नवा, बाळ नवं, आता हे लोक आम्हाला परत पाठवणार, एवढंच मनात होतं. बसबरोबर आपल्या वकिलातीतली एक बाई होती. ती आली, पिशवीत तोंड घातलं, आणि वर बघून मला मराठीत म्हणाली, "आजी, सोडे?" वसईची निघाली. हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते तिला थांबवता येईना. किती दिवस ती अशी बसने माणसं पोचवत होती, कोण जाणे. तिने त्यांच्या भाषेत काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण त्यांच्यातल्या मोठ्या शिपायाने कुत्र्याला मागे ओढलं, बाळाकडे जरा वेळ पाहिलं, आणि आपल्या खिशातले खजूर योगिनीच्या हातावर ठेवले. त्याच्याही घरी कुणी असेल. मग एकेकाचं नाव पुकारून पलीकडे सोडायला लागले. शिपायाने "तुलसा!" म्हणून हाक दिली, आणि विहीणबाई, सवयीने मी डोक्यावरून पदर घेतला. बाळाला घेऊन पलीकडे गेले ती तशीच, तुमच्यासमोरून जाताना जाते तशी.

विमानाचं विशेष काही नाही. उतरल्यावर दिल्लीला फुलं दिली, पाणी दिलं, फोटो काढले. कुणीतरी माईक पुढे करून सगळ्यात लहान प्रवासी कोण विचारलं, आणि कागद बघून सगळ्या देशाला सांगून टाकलं. मराठीत पाटी लिहिलेले महाराष्ट्राचे साहेब उभे होते, त्यांनी राहायला नेलं, रेल्वेची तिकिटं हातात दिली आणि जेवायला वरणभात वाढला. वरणाला मीठही नव्हतं. मी दोनदा घेतलं.

पण त्याच्या आधी तुमच्यावर जे आलं, ते मला घरी येईपर्यंत माहीत नव्हतं. सानिकाने यांना फोन केला होता, काका, नावं आली, तिघीजणी आहेत, मथुरा, योगिनी, तुळसा. हे म्हणाले, तुळसा म्हणजे आमच्या विहीणबाई, त्या लोट्याला आहेत, मग माझी नात कुठे? सानिका म्हणाली, यादी पुन्हा बघून सांगते. आणि या शहाण्या माणसाने तिचा फोन ठेवून तुम्हाला लावला, "विहीणबाई, तुम्ही या घडीला नक्की कुठे आहात?" तुम्ही म्हणालात, "चुलीपुढे." "नक्की ना?" म्हणाले, आणि ठेवून दिला. मग तुम्ही करताय तर यांचा फोन कचेरीत लागलेला. बाळ तिकडेच राहिलं, असंच तुम्हाला वाटलं असणार. त्या संध्याकाळी तुम्ही चुलीत लाकूड तसंच जळत ठेवून गुडघा दुखत असताना ओटीवर येरझाऱ्या घालत होतात, हे नम्रताने सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी बातमी आली, "अकरा दिवसांची तुळसा सुखरूप मायदेशी," तर अर्धीच ऐकून सगळी वाडी तुमच्या अंगणात, "काकी, गेलात कधी नि आलात कधी?" शेजारीण म्हणे परदेशाहून काय आणलंत ते बघायला आत शिरली. हे सगळं झाल्यावर माझा फोन आला. तुमच्या जागी मी असते तर एक वाक्यसुद्धा बोलले नसते. तुम्ही बोललात, हा तुमचा मोठेपणा.

जित्या माणसाचं नाव पोराला देत नाहीत, हे मला कळत नाही का? माझ्या सासूबाई हयात असताना आमच्याकडे त्यांच्या नावाची गाय आली, तर सासऱ्यांनी तिचंही नाव बदललं होतं. तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे. आणि आमचीही काही कमी पंचाईत नाही. सासूच्या नावाने पोरीला हाक मारायची कशी, म्हणून योगिनी तिला "अहो, रडू नका ना" म्हणते. तुमचे व्याही सरळ "विहीणबाई" म्हणतात. सकाळी बंदरावरून आले की फाटकातूनच पुकारा, "विहीणबाई उठल्या का? विहीणबाई आज कुणाच्या अंगावर ओकल्या?" आता रस्त्यावरची माणसं थांबून ऐकतात. (हे लोट्यापर्यंत दुसऱ्या कुणाकडून पोचण्याआधी माझ्याकडून पोचलेलं बरं.) तेव्हा नाव बदलायचं हे नक्की. सानिका म्हणाली, काही अवघड नाही, नोंद व्हायचीच आहे. बारशाला नम्रता येईल, कानात "सानवी" सांगेल, आणि तुमचं नाव तुम्हाला जसंच्या तसं परत.

सर्वेशचा फोन रोज सकाळी येतो, तुम्हालाही येत असेलच. आवाज थांबलेत म्हणतो. विमानं थोडी थोडी सुरू झालीत आणि पुढच्या महिन्यात रजा द्यायचं कंपनीने कबूल केलंय. बारीक झालाय. विचारलं की कॅमेऱ्याचा दोष म्हणतो.

बाकी भेटीत. पत्रात कुठे जास्त बोलले असेन तर ते वाचलं नाही असं समजा, आणि कुठे कमी पडले असेन तर ते तुम्हाला कळलं असं मी समजते.

तुमची विहीण,
मथुरा

ता. क. हे सगळं लिहिलं ते नावासाठी, असं वाटेल. तर तसं नाही. या रविवारच्या गाडीने तुम्ही इकडे यावं आणि सर्वेश येईपर्यंत राहावं, हे मागायचं होतं, पण चार पानं भरली तरी ते लिहायला हात धजेना. बाळ माझ्याकडून तेल लावून घेत नाही, आरडून घर डोक्यावर घेतं. योगिनी फोन उशाशी घेऊन नुसती पडून असते, आईपुढे रडायचं नाही असं तिने ठरवलेलं दिसतं. तुमच्यापुढे रडेल. तुमचं आणि तिचं एकाच माणसाकडे लक्ष लागलंय. (शिवाय मला दुकान उघडायचंय. आत घूस शिरल्याचं शेजारी सांगत होते.)

आणखी एक ता. क. हा योगिनीला दाखवू नका. टेबलापाशी मी नव्हतेच. मी तिला धरून हॉलच्या मागे मोरीपाशी रांगेत उभी होते. बाळाला घेऊन टेबलापाशी तुमचा मुलगा होता. साहेबाने त्याला बाळाचं नाव विचारलं, तो म्हणाला, अजून ठेवलं नाही. मग साहेबाने विचारलं, "माँ का नाम?" बाळाच्या आईचं विचारत होता हो. आणि दोन पाळ्या सलग करून आलेला तो मुलगा, बायको पलीकडच्याच रांगेत उभी असताना, म्हणाला, "तुळसा." साहेबाने ते बाळाचंच लिहिलं. चूक कळल्यावर तो बिचारा लगेच नवा कोरा कागद ओढून बसला होता, घाई कसलीच नव्हती, बसही आली नव्हती. सर्वेशनेच त्याचा हात धरला आणि राहू दे म्हणाला. मी येऊन कागद पाहिला नि म्हटलं, "अहो, हे चुकलंय." तर बाळाचं टोपडं सारखं करत म्हणाला, "असू दे, आई. मी नाही, तर माझी आई तरी तिच्याबरोबर जाईल." आणि मग मला शपथ घातली, आईला हे सांगू नका, मी किती घाबरलो होतो ते तिला लगेच कळेल. मी कुणाला बोलणार नाही असं म्हटलं होतं. बोलले नाही, लिहिलंय.

आता नाव बदलायचं की नाही, ते तुम्ही येऊन सांगा. गाडी सुटण्याआधी सांगायचं असेल तर माझा नंबर तोच आहे.